रंग नसलेला धूर

ढाणकीच्या बाजारात माझं डिझेल इंजिन दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान अजून आहे, पाटीही तीच आहे, पण आत जे काम चालतं ते आता वेगळं. हा बदल माझ्या हुशारीनं झाला असं कोणी म्हटलं तर मी लगेच नाही म्हणतो. तो दोन बायकांमुळे झाला. एक शेतकरी, वयानं माझ्याएवढीच. दुसरी माझ्या मुलीपेक्षाही लहान. दोघींचे माझ्यावर उपकार आहेत, आणि दोघींनाही ते मान्य नाही. म्हणून लिहून ठेवतो.

माझे वडील दुसऱ्याच्या शेतात सालदार होते. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर त्यांनी एक गोष्ट मनाशी पक्की केली होती, की आपल्या पोरांच्या हातात काही तरी हुन्नर असलंच पाहिजे. मी आठवीच्या पुढं गेलो नाही, तेव्हा त्यांनी मला नांदेडला एका उस्तादांकडे नेऊन सोडलं. उस्तादांनी पहिले सहा महिने मला पान्याला हात लावू दिला नाही. ‘पहले देखो, फिर सुनो,’ म्हणायचे. मी दिवसभर इंजिनांसमोर उकिडवा बसून बघायचो आणि ऐकायचो.

त्यांनी मला धूर वाचायला शिकवला. काळा धूर येत असेल तर डिझेल जास्त जातंय, नोझल खराब आहे किंवा हवा कमी पडतेय. निळा असेल तर ऑइल जळतंय, पिस्टनच्या रिंगा गेल्या. पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही थांबत नसेल तर हेडमधून पाणी उतरतंय. पुढं ढाणकीला दुकान टाकल्यावर मी एवढ्यावरच नाव कमावलं. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर उभा राहून, इंजिनाजवळ न जाता, मी सांगायचो काय बिघडलंय. लोक अचंबा करायचे. दुरुस्ती झाली की मी इंजिन चालू करून नळकांड्याच्या तोंडाशी पांढरा रुमाल धरायचो. रुमाल पांढराच राहिला तरच काम झालं असं समजायचो.

पैनगंगेच्या काठानं आणि तिला मिळणाऱ्या नाल्यांवर तेव्हा जिकडं पाहावं तिकडं इंजिनं होती. गहू, हरभरा, हळद, सगळं त्यांच्यावर. रब्बीत मला जेवायला फुरसत नसे. संध्याकाळी नाक शिंकरलं की काळं निघायचं. खोकलाही होता. बायको काढा करून द्यायची आणि म्हणायची, ‘तुमच्या छातीतलं इंजिन कोन दुरुस्त करन?’ मी हसायचो. खोकला मला धंद्यातलाच वाटायचा, जसे हाताला पडलेले घट्टे.

मग सोलर पंप आले. आधी एक-दोन, पुढल्या वर्षी प्रत्येक गावात पाच-सहा. माझ्या दुकानावरून प्लेटा भरलेले टेम्पो जाऊ लागले. चहाच्या टपरीवर मी मोठ्यानं म्हणायचो, ‘एक गारपीट येऊ द्या, मंग पाहा.’ लोक मान डोलवायचे. माझा शब्द इंजिनांच्या बाबतीत कधी खोटा पडला नव्हता, म्हणून तो या बाबतीतही खरा असेल असं त्यांना वाटायचं. मलाही वाटायचं.

आता त्या शेतकरी बाईंबद्दल सांगतो. त्यांना मी वहिनी म्हणतो. त्यांचे मालक माझे जुने गिऱ्हाईक. ते काविळीनं गेले आणि चार एकर शेत वहिनींनी स्वतः करायला घेतलं. दोन मुली, दोन्ही लग्न होऊन सासरी. घरात एकट्याच. वहिनींना शेतातलं सगळं यायचं, फक्त इंजिन चालू करता येत नव्हतं. हँडल मारायला जोर लागतो, आणि नेमक्या वेळी ते सोडावं लागतं. एकदा कोणी मिळालं नाही म्हणून त्यांनी स्वतःच हँडल मारलं. इंजिन उलटं फिरलं आणि हँडलचा फटका मनगटावर बसला. हाड मोडलं. त्यानंतर पाणी द्यायचं म्हटलं की त्यांना कोणाच्या तरी दारात जावं लागायचं. ‘जरा हँडल मारून द्या जी,’ असं सांगायला. हे त्यांना किती जड जात होतं ते मला तेव्हा समजलं नाही. मी फक्त इंजिन बघत होतो.

एका बाजारच्या दिवशी त्या दुकानात आल्या.

‘मिस्त्रीभाऊ, सोलरचा फॉर्म भरू का? तुमाले काय वाटते?’

‘नका भरू वहिनी,’ मी म्हटलं. ‘काच हाये ती. गार पडली का खलास. आन ढग आले का बसा पाह्यत. इंजिन कसं, कवाही चालते.’

‘बरं,’ त्या म्हणाल्या. पिशवी उचलली आणि गेल्या. गेल्या त्या सरळ फॉर्म भरायला. काही महिन्यांनी त्यांच्या शेतात प्लेटा उभ्या राहिल्या हे मला दुसऱ्याच कोणाकडून कळलं. मला राग आला. बाईमाणसानं विचारायचं आणि मग ऐकायचं नाही, असलं काहीतरी मी घरी बडबडलो. माझ्या बायकोनं शांतपणे विचारलं, ‘त्यायच्या काळजीनं नाही म्हनलं होतं, का दुकानाच्या?’ मी ताटावरून उठलो. उत्तर मला माहीत होतं.

वर्षभर पंप चांगला चालला. दुसऱ्या वर्षी गहू ओंबीवर आला असताना वहिनी पुन्हा दुकानात आल्या. चालत आल्या होत्या, तोंड उन्हानं लाल झालं होतं.

‘पंप चालू होते, बंद पडते. मंग आपोआपच चालू होते. कंपनीत फोन केला, तर चार दिवसांनी मानूस येईन म्हनते. गव्हाले आता पानी पायजे. तुमी येता का?’

‘मले त्यातलं समजत नाई,’ एवढं वाक्य मी बोलायला पाहिजे होतं. मी म्हणालो, ‘चला, पाह्यतो.’

शेतात गेलो. एका बाजूला प्लेटा, त्यांच्याखाली खांबावर एक पेटी, दुसऱ्या बाजूला विहीर, मध्ये निंबाचं झाड. पेटीपासून विहिरीतल्या मोटारीपर्यंत केबल जमिनीखालून गेलेली. पाण्याचा पाट विहिरीपासून निघून निंबाला वळसा घालून गव्हात उतरायचा. मी उस्तादांच्या सवयीनं आधी बसून राहिलो. ऐकायला काही नव्हतं. पंपाचा आवाजच नाही. पण बघायला होतं. पंप चालू व्हायचा, पाणी पाटातून सरकत निंबापर्यंत जायचं, आणि पेटीवर लाल दिवा लागून सगळं बंद. थोड्या वेळानं पाट सुकला की पुन्हा चालू. तीनदा पाहिलं. तिन्ही वेळा पाणी निंबाजवळ पोचलं आणि पंप थांबला. माझ्या डोक्यात ते नोंदलं गेलं, पण त्याचा अर्थ लावता येईना.

वहिनी पाटाजवळ उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या बघण्यात विश्वास होता, आणि तोच मला नडला. काहीतरी करून दाखवावं म्हणून मी प्लेटांच्या मागं गेलो. तिथं दोन वायरी एका काळ्या जोडात बसवलेल्या होत्या. पंप चालू होता. मला वाटलं, आधी हा जोड सोडू, सगळं बंद करू, मग बघू. मी जोड ओढला.

वेल्डिंग करताना निघतो तसा उजेड निघाला. जोड वितळला आणि माझा उजवा तळहात भाजला. मी मागे पडलो. वहिनी धावत आल्या, डोक्यावरचा पदर ओला करून त्यांनी माझा हात गुंडाळला आणि हंड्यातलं पाणी हळूहळू ओतत राहिल्या.

‘लय दुखते का जी?’

‘नाही,’ मी म्हटलं. दुखत होतं. पण त्याहून वाईट हे की आधी पंप अधूनमधून तरी चालत होता, आता तो पुरता बंद पडला होता. ते मी केलं होतं. वहिनी गव्हाकडे बघत होत्या, आणि मी जमिनीकडे.

त्याच दिवशी दुपारी मी दुकानातलं एक इंजिन बैलगाडीत घालून त्यांच्या शेतात आणलं. डाव्या हातानं हँडल मारलं. पुढचे तीन दिवस मी रोज जाऊन पाणी दिलं. गव्हाला वेळेवर पाणी मिळालं. इंजिन धडधडत होतं, धूर विरून जात होता, आणि वहिनी पदर नाकाला लावून काम करत होत्या. आधी कधी त्यांना तसं करताना मी पाहिलं नव्हतं. मग लक्षात आलं, त्या आधीही तसंच करत असणार. वर्षभर धूर नसलेल्या शेतात राहिल्यावर आता त्यांना तो जास्त लागत होता, एवढंच.

चौथ्या दिवशी स्कूटीवरून एक मुलगी आली. डोक्याला टोपी, पाठीवर बॅग, पायात जाड बूट. मला वाटलं सर्व्हेला कोणी आलं असेल. तिनं बॅग उघडून मीटर काढलं तेव्हा समजलं की मेकॅनिक हीच. तिनं आधी पेटीवरचा स्विच पाडला, प्लेटांवर ताडपत्री टाकायला सांगितली, आणि मग तो वितळलेला जोड पाहिला. मग माझ्या हाताची पट्टी पाहिली.

‘काका, तुम्ही ओढला का हा?’

तिथं खोटं बोलायला जागा होती. घरी मी सायलेन्सर लागला म्हणून सांगितलंच होतं. पण वहिनी समोर उभ्या होत्या.

‘व्हय. मीच ओढला. मले वाटलं जोड काढला का करंट बंद होते.’

ती हसली नाही. ‘दिवसा या प्लेटा बंद करता येत नाहीत काका. ऊन आहे तोवर त्यांच्यात वीज तयार होतच राहते. म्हणून आधी स्विच पाडायचा. नुसता हातच भाजला हे नशीब समजा.’ मग तिनं विचारलं, ‘तुम्ही ओढायच्या आधी तो नेमका काय करत होता?’

मी तिला सांगितलं. पाणी निंबापर्यंत पोचलं की बंद, पाट सुकला की चालू, तीनदा पाहिलं. ती एकदम थांबली. ‘दरवेळी निंबापाशीच?’ मी होय म्हटलं. ती कुदळ घेऊन निंबाकडे गेली आणि पाटाच्या खाली उकरू लागली. वीतभर खोलीवरच केबलचा पाइप लागला. पाइप फुटलेला होता आणि आतल्या केबलचं आवरण उंदरांनी कुरतडलं होतं. पाणी पाटातून वाहिलं की ती जागा ओली व्हायची, वीज जमिनीत उतरायची, आणि पेटी स्वतःहून पंप बंद करायची.

‘या पाटात कोणी उतरत होतं का?’ तिनं विचारलं.

‘मीच,’ वहिनी म्हणाल्या. ‘बारे फिरवाले, पानी वळवाले उतरावं लागते नं.’

‘अनवाणी?’

‘मंग? पान्यात चपला घालू का?’

त्या मुलीनं कुदळ खाली ठेवली. मग तिनं वहिनींना समजावून सांगितलं की पेटीनं दरवेळी पंप बंद केला म्हणून तुम्ही उभ्या आहात. मी ते ऐकत होतो. पेटी दरवेळी पंप बंद करते म्हणून मी तिलाच बिघाड समजत होतो. थोडं अधिक डोकं चालवलं असतं तर मी ती पेटी वगळून वायर सरळ जोडून दिली असती. इंजिनात आम्ही असले जुगाड रोज करतो. आणि वहिनी त्या पाटात अनवाणी उतरल्या असत्या.

तिनं केबल बदलली, ती खोल गाडली, नवा जोड बसवला. मी कुदळ मारायला मदत केली, डाव्या हातानं जेवढी जमली तेवढी. निघताना ती म्हणाली, ‘काका, तुम्ही नसता सांगितलं तर मला हा फॉल्ट शोधायला अख्खा दिवस लागला असता. यवतमाळला लोहाऱ्याच्या एमआयडीसीत आमचं शिबिर आहे, दहा दिवसांचं. सोलर पंप दुरुस्तीचं. तुम्ही या.’

‘मी? आठवी पास हाये मी. आन या वयात?’

‘तीन वेळा बघून मग हात लावणारा माणूस मला पाहिजे,’ ती म्हणाली. ‘फक्त हात कुठं लावायचा तेवढं मी शिकवते.’

घरी मी बायकोला हात कसा भाजला ते खरं सांगितलं आणि शिबिराचंही सांगितलं. ती म्हणाली, ‘जा. घरी बसून सोलरले शिव्या देन्यापेक्षा बरं.’ तिनंच माझी पिशवी भरली. उमरखेड, महागाव, आर्णी करत एसटीनं यवतमाळला पोचलो. दहा दिवस साळ्याच्या घरी राहिलो आणि रोज लोहाऱ्याला गेलो.

शेडमध्ये पंधरा-वीस जण होते. बहुतेक आयटीआय केलेली मुलं-मुली. मला त्यांनी आधी शिपाई समजून पाण्याबद्दल विचारलं. मीटरवरची इंग्रजी अक्षरं मला वाचता येत नव्हती. मॅडमनी, म्हणजे त्या मुलीनं, दुसऱ्या दिवशी माझ्या मीटरवर चिकटपट्ट्या लावून मराठीत लिहून दिलं. वर्गात तिला मी मॅडमच म्हणायचो. ती पुसद तालुक्यातल्या एका तांड्यावरची. फोनवर आईशी तिच्या बोलीत बोलायची, तेव्हा तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा व्हायचा.

चौथ्या की पाचव्या दिवशी ती वर्गाला म्हणाली, ‘आज काका शिकवणार. काका, धुरावरून इंजिन कसं ओळखायचं ते सांगा.’

मला आधी लाज वाटली, मग रंगात आलो. काळा, निळा, पांढरा, सगळं सांगितलं. रुमालाचंही सांगितलं. मुलं वहीत लिहून घेत होती. शेवटी मी म्हणालो, ‘आन ज्या इंजिनातून काहीच धूर दिसत नाही, ते इंजिन चांगलं.’

‘त्यातून काय निघतं मग?’ मॅडमनी विचारलं.

‘काही नाही. गरम हवा.’

तिनं फळ्यावर काही लिहिलं नाही. माझ्याकडे वळून, अगदी सावकाश सांगितलं. डिझेलमध्ये कार्बन असतो. तो जळाला की हवेशी मिळून एक वायू होतो. त्याला रंग नाही, वास नाही, रुमालाला तो लागत नाही. इंजिन जेवढं चांगलं जळेल तेवढा सगळा कार्बन त्या वायूत जातो. तो वर जाऊन राहतो आणि गोधडीसारखा उष्णता धरून ठेवतो. वर्षानुवर्षं राहतो. ‘तुम्ही दुरुस्त केलेल्या चांगल्यातल्या चांगल्या इंजिनातूनही तो निघतच होता काका. ती इंजिनाची चूक नाही. डिझेल जाळलं की तो होणारच.’

‘मंग लाइटवरचा पंप?’ मी विचारलं. ‘त्याले तर धूरच नाही.’

‘धूर आहे. फक्त तो आपल्या शेतात निघत नाही, वीज होते तिथं निघतो. वणीकडून वॅगन भरभरून कोळसा कशासाठी जातो?’ मग तिनं हेही सांगितलं की प्लेट बनवायलाही कारखान्यात वीज लागते, कोळसा जळतो, ते लपवायचं कारण नाही. पण एकदा शेतात उभी राहिली की ती पुढं वर्षानुवर्षं काही न जाळता पाणी काढते. त्यातला फरक मोठा आहे.

मुलांनी लिहून घेतलं आणि पुढच्या धड्याला लागली. माझं लक्ष उडालं. दुपारी डबा घेऊन मी बाहेर पाण्याच्या टाकीजवळ बसलो. माझ्या डोळ्यांसमोर डिझेलचे कॅन येत होते. वहिनींच्या शेताला एका हंगामात किती लागायचे ते मला माहीत होतं, कारण कितीदा मीच ते गाडीला बांधून नेऊन दिले होते. असं प्रत्येक शेताचं. तीस-पस्तीस वर्षांचे सगळे कॅन एकावर एक रचले तर बाजारातलं पटांगण भरलं असतं. आणि त्यातलं सगळं डिझेल मी कौतुकानं, नीट, रुमाल पांढरा राहील असं जाळलं होतं.

मॅडम डबा घेऊन शेजारी येऊन बसली. मी तिला विचारलं, ‘म्हंजे आमी आयुष्यभर वाईटच काम केलं का?’

ती म्हणाली, ‘माझी याडी, माझी आई, अजून चुलीवर भाकरी करते. त्याच भाकरी खाऊन मी शिकले. तिला मी वाईट म्हणू का?’ आणि थोड्या वेळानं, ‘तुमच्या इंजिनांनी या भागातली माणसं जगवली काका. तेव्हा दुसरं काही नव्हतं. आता आहे.’

तिनं आपल्या डब्यातलं मिरचीचं लोणचं माझ्या पोळीवर वाढलं. मी आयुष्यात पुष्कळ माणसांकडून शिकलो, पण चूक दाखवताना माणसाला खाली न पाडणारी शिक्षिका मला त्या एकाच शेडमध्ये भेटली.

दहा दिवस संपले. परत आल्यावर मी सगळ्यात आधी वहिनींच्या शेतात गेलो. काही बिघडलं नव्हतं. मी प्लेटा पुसल्या, जोड तपासले, पेटीतल्या मुंग्या काढल्या. वहिनी गव्हाच्या पेंढ्या बांधत होत्या. मी म्हटलं, ‘वहिनी, तुमाले मी नका घेऊ म्हनलं होतं. ते खरं तुमच्यासाठी नव्हतं. माह्या दुकानासाठी होतं.’

त्यांनी पेंढीची गाठ मारली आणि मगच वर पाहिलं.

‘मले माहीत होतं जी.’

‘मंग त्या दिवशी माह्याकडंच कशाले आल्या?’

‘दुसऱ्या कोनाकडं जाऊ? माह्या मनगटाचं हाड मोडलं तेव्हा दवाखान्यात कोनं नेलं होतं?’

ते मी विसरून गेलो होतो. खरंच, मीच नेलं होतं, मोटारसायकलवर, मागं माझी बायको त्यांना धरून बसली होती. त्यांनी ते इतकी वर्षं धरून ठेवलं होतं, आणि मी त्यांच्याबद्दल मनात राग धरून बसलो होतो.

हळूहळू लोक सोलर पंपासाठी बोलवू लागले. आधी वहिनींच्या शेजारचे, मग पलीकडच्या गावचे. बिघाड बहुतेक साधे असतात. कुरतडलेली केबल, पेटीत गांधीलमाशीचं घर, प्लेटांवर बसलेला धुरळा. एका बाईनं तर प्लेटांवर हळद वाळत घातली होती आणि पाणी कमी येते म्हणून तक्रार केली होती. मी तिला न हसता समजावून सांगितलं. ते मी लोहाऱ्याला शिकलो होतो. गारपीटही येऊन गेली. प्लेटा फुटतील म्हणून मी दुसऱ्या दिवशी गावोगाव फिरलो. एकच फुटलेली सापडली. टपरीवर जाऊन मी ते स्वतः सांगितलं, कारण उलटं मीच पसरवलं होतं.

सगळं सोपं झालं असं नाही. श्रावणात आठ-आठ दिवस आभाळ उघडत नाही, तेव्हा पंप नुसता थेंब थेंब देतो. तेव्हा कोणाकोणाचं इंजिन बाहेर निघतं आणि मी ते चालू करून देतो. दुसरी काळजी विहिरींची. डिझेल होतं तेव्हा माणूस हात राखून पाणी द्यायचा. आता ऊन फुकट आहे म्हणून काही जण सकाळपासून संध्याकाळपर्यंत पंप चालू ठेवतात आणि विहीर तळाला जाते. दुरुस्तीला गेलो की मी त्यांना विहिरीत डोकावायला लावतो. काही ऐकतात. वहिनी तर दुपारी दीडलाच पंप बंद करतात. ‘तिलेही भरू द्या नं,’ विहिरीकडे हात करून म्हणतात. दोन बोटांनी स्विच पाडतात आणि घरी जातात. कोणाच्या दारात जावं लागत नाही.

मॅडमची बदली झाली. आता ती दुसऱ्या जिल्ह्यात शिकवते. मी एकदा फोन करून आभार मानायचा प्रयत्न केला. ती कुठल्या तरी छपरावर चढलेली होती, वारा ऐकू येत होता. ‘काका, तुम्हीच फॉल्ट सांगितला होता, मी तर फक्त उकरलं,’ म्हणाली आणि एका पेटीच्या बिघाडाबद्दल मलाच विचारू लागली. आभार राहून गेले.

माझा खोकला पूर्ण गेला नाही. डॉक्टर म्हणतात, इतक्या वर्षांचं एकदम जाणार नाही. पण कमी आहे. आणि एक गोष्ट अशी झाली की जिचा मी कधी विचारच केला नव्हता. सोलरचं काम उन्हाचं. सकाळी नऊच्या आधी कोणाचा फोन येत नाही, आणि ऊन उतरलं की येणं बंद होतं. पूर्वी इंजिन कधीही बिघडायचं आणि मी कधीही निघायचो. जेवणाची वेळ अशी नव्हतीच. आता पाच-साडेपाचला मी घरी असतो. ओट्यावर बसून बायकोबरोबर तुरीच्या शेंगा सोलतो, किंवा ती अंबाडी निवडते आणि मी नुसता बसतो. इतकी वर्षं संसार झाला, पण संध्याकाळी ती काय करते हे मला माहीत नव्हतं. ती शेजारणींशी काय बोलते, कोणत्या वेळी विहारातून वंदनेचा आवाज येतो, आमच्या दारापुढच्या सीताफळावर किती पाखरं येतात, हे सगळं आता कळतंय.

परवा ती म्हणाली, ‘तुमी आजकाल लय घरी राह्यता.’

‘काहून, जड होते का?’

‘नाई जी,’ ती म्हणाली आणि शेंगांनी भरलेलं सूप माझ्याकडे सरकवलं. ‘बसा.’